समासात दोन भोकं

हिंदुरावांना कविता ‘छान आहे’ म्हटलेली खपत नसे. कुणी तसं म्हटलं की ते लगेच विचारत, “कुठली ओळ?” समोरचा गडबडला की पुढचं वाक्य तयार असे. “म्हंजे वाचली न्हाई. मग तसं सांगा की. त्यात लाजायचं काय?” हे ते कॉलेजच्या प्राध्यापकालाही ऐकवत आणि आपल्या ड्रायव्हरलाही.

ते एसटीत कंडक्टर होते. सातारा–सांगली ही त्यांची गाडी. उंब्रज, कराड, इस्लामपूर, आष्टा करत ती दुपारी सांगलीला पोचायची आणि उन्हं कलली की परत निघायची. मधल्या वेळात बाकीचे कंडक्टर पंख्याखाली आडवे होत. हिंदुराव स्टँडमागच्या गल्लीत माझ्या कॉम्प्युटर क्लासात येत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्याकडे चार मशिन, एक फोन आणि फीत झिजेपर्यंत करकरणारा एक प्रिंटर होता. इंटरनेटला फोन लावायचा तर तो आधी बराच वेळ शिट्ट्या मारायचा, मग लागायचा, आणि लागला की हमखास वीज जायची. म्हणून मी कामांची यादी करून ठेवत असे. काय आधी पाठवायचं, काय छापायचं, काय उद्यावर ढकलायचं. कविता हा माझा प्रांत नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे त्यांच्या कविता कशा होत्या असं मला कुणी विचारणार नाही.

कवितेचा शिरकाव माझ्या मावसभावामुळे झाला. तो अमेरिकेत नोकरीला होता. तिथल्या, पुण्या-मुंबईच्या आणि आणखी कुठकुठल्या हौशी मराठी कवींनी ईमेलवर एक गट केला होता. एकाने कविता पाठवायची, बाकीच्यांनी वाचून मत द्यायचं. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं सगळ्यांकडे उमटत नसत, म्हणून मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहायचं. मावसभावाच्या आग्रहावरून मी दारावरच्या पाटीत एक ओळ वाढवली: ‘येथून जगात कोठेही कविता पाठवता येईल.’ ती वाचून लोक हसत आणि टायपिंगच्या फीची चौकशी करत.

हिंदुराव हसले नाहीत. खाकी कपडे, खांद्याला चामडी बॅग, हातात तिकिटं पंच करायचा चिमटा. दारातूनच विचारलं, “ही पाटी खरी हाय का?”

मी म्हटलं, खरी आहे, द्या कविता, आत्ता जाईल. त्यांनी खिशातून कागद काढला आणि परत ठेवला. आधी त्या लोकांच्या दाखवा, म्हणाले. मी समजावून सांगितलं की तसं बंधन नाही, तुम्ही तुमची थेट पाठवू शकता. “मॅडम, चढायच्या आधी उतरणाऱ्याला उतरू द्यावं,” ते म्हणाले. “न्हाईतर दारात चेंगराचेंगरी हुती.”

मग मी त्या दिवशी आलेली एक कविता वाचून दाखवली. न्यूजर्सीच्या कुणा इंजिनिअरची, बर्फावर. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. खुर्ची दिली होती, पण ते उठून उभे राहिले आणि कपाटाचा कोपरा धरून ऐकू लागले, जणू कपाट आता वळण घेणार आहे. पुढे रोजच तसं व्हायचं. आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहून राहून उभं राहणं हीच त्यांची बैठक झाली होती. त्यांनी मत सांगितलं ते मी जसंच्या तसं टाईप केलं: बर्फावर कुत्र्याची पावलं उमटलेली ओळ पोचली. ती वाचताना गार वाटलं. पण शेवटी एकदम आई कशाला आणली? कवितेत अडचण आली की सगळे आईलाच हाक मारतात. तिला जरा बसू द्या.

मला वाटलं, तो माणूस चिडणार. दुसऱ्या दिवशी त्याचं लांबलचक उत्तर आलं. इतके महिने मी या गटात आहे, त्याने लिहिलं होतं, सगळे मला ‘सुरेख’ म्हणतात, कुत्र्याची पावलं आजवर कुणाला दिसली नव्हती. हिंदुरावांनी ते ऐकलं आणि मगच खिशातला कागद माझ्यापुढे ठेवला.

इथवर एकट्याचा छंद होता. पण हिंदुराव ज्या गाडीत होते तिला थांबे होते. कवी ओळखायची त्यांची एक रीत होती. तिकीट घेऊन जो माणूस ते खिशात न घालता उलटं करून त्यावर लिहायला लागतो, त्याच्याजवळ ते पुढच्या थांब्याला येऊन उभे राहत. असं करत उंब्रजचे एक निवृत्त सुभेदार सापडले. आष्ट्याचे औषधाचे दुकानदार पाटणे सापडले. इस्लामपूरचे एक हायस्कूलचे मास्तर आणि अजून दोघे. चामड्याच्या बॅगेत कवितांसाठी वेगळा कप्पा झाला. येताना थांब्याथांब्यावर कविता गोळा व्हायच्या. मी त्या टाईप करून पाठवायची, आलेली मतं आणि कविता छापायची, आणि जाताना हिंदुराव त्या ज्याच्या त्याला पोचवायचे. सुभेदार उंब्रजच्या फाट्यावर वाट बघत उभे असत, पाटणे दुकान पोराच्या भरवशावर टाकून आष्ट्याच्या स्टँडवर येत. सगळी ये-जा माझ्या क्लासच्या एकाच पत्त्यावरून. गटाच्या नियमात सभासदाचं नाव द्यावं लागे, तिथे मी हिंदुरावांचं नाव भरलं होतं.

या कागदांवर हिंदुराव चिमट्याने खुणा करत. आवडलेल्या ओळीच्या शेजारी समासात एक भोक, म्हणजे ही ओळ पोचली. दोन भोकं, म्हणजे ही ओळ मला सोडत नाही. एकही भोक नसेल तर खाली कारण लिहिलेलं असे, कारणाशिवाय ते कुणालाही सोडत नसत. बरं वाटावं म्हणून भोक पाडलंय असं कधी झालं नाही. हळूहळू सगळेच ती भाषा बोलू लागले. पाटणे सुभेदारांच्या कवितेवर लिहीत, ‘एक भोक, तेही उदार मनाने.’ मी ते तसंच टाईप करून गटावर पाठवायची. न्यूजर्सीवाल्याने एकदा विचारलं, ही भोकं काय भानगड आहे? त्याला सांगितल्यावर त्याला ती इतकी आवडली की तो स्वतःच्या प्रत्येक कवितेखाली ‘भोकं किती?’ असं विचारू लागला.

सुभेदारांचा किस्सा सांगायलाच हवा. पलटणीत उमेदीची वर्षं घालवलेला, मिशीला तूप लावणारा हा माणूस फक्त प्रेमकविता लिहायचा, त्याही स्वतःच्या बायकोवर. एकदा त्यांचा कागद भोकाशिवाय परत गेला. खाली लिहिलं होतं: ह्यात वहिनींचा एकबी गुण न्हाई. कुठल्याबी बाईला चालंल. दुसऱ्या दिवशी सुभेदार उंब्रजला गाडीत चढले. कुठे जायचं नव्हतं, नुसतं भांडायचं होतं. तिकीट मात्र कराडचं काढलं, कारण फुकट बसून भांडणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. हिंदुरावांनी भरल्या गाडीत ती कविता मोठ्याने वाचली आणि लोकांना विचारलं, ही बाई कशी असंल, सांगा. कुणालाच सांगता येईना. एकजण म्हणाला, गोरी असंल. पुढच्या बाकावर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईने सुभेदारांना सरळ विचारलं, “दादा, घरी ती काय करती?”

“काय करणार? भांडती.”

“मग ते लिवा की.”

सुभेदार कराडला उतरून तणतणत परतीच्या गाडीला गेले. पुढच्या आठवड्यात कविता आली ती भांडणाची होती. ताटात भाकरी आपटल्याचा आवाज आणि नंतर न मागता वाढलेलं दही, असं काहीतरी. तिला दोन भोकं मिळाली. तो कागद सुभेदार चार महिने लोकांना दाखवत हिंडत होते, आणि कविता न वाचता आधी समास दाखवत.

पाटण्यांची खोड वेगळी होती, त्यांची कविता संपायचीच नाही. “तुमची कविता आष्ट्यात सुरू हुती आन मिरजंच्या फुडं जाती,” हिंदुरावांनी त्यांना सांगितलं होतं. “तुमाला सांगलीलाच उतरायचं व्हतं न्हवं?” पाटण्यांनी राग मानला नाही. पुढची कविता त्यांनी निम्म्याने कमी केली आणि कुठून काय काढलं याची चार पानी हकीकत सोबत जोडली.

एके दिवशी जतच्या गाडीच्या कंडक्टरने हिंदुरावांच्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. जत तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडीच्या बाईने दिलाय म्हणाला, कवितांचं तुम्ही बघता असं तिने ऐकलंय. नाव महादेवी. कविता टँकरची होती. त्या भागात पाण्याच्या टँकरची वाट बघत बायकांना दिवस घालवावा लागे. म्हणून त्या रांगेत घागर ठेवून घरी जात, घागर त्यांचा नंबर धरून उभी राही. दोन ओळी मला अजून पाठ आहेत, कवितेशी माझा संबंध नसूनही.

रांगेत माझी घागर उभी, मी चुलीशी भाकरी थापते;
आम्हा दोघींत कोण तहानलेली, टँकर आल्यावर कळेल.

हिंदुरावांनी ती उभ्याउभ्या पुन्हा एकदा वाचली. मग चिमटा दोनदा दाबला. कविता त्याच दिवशी गटावर गेली. गटावरून काहीच आलं नाही. मधे एक-दोन कानडी शब्द होते, विषय कुणाच्या ओळखीचा नव्हता. लोक गप्प राहिले. हिंदुराव रोज येऊन विचारत, जतच्या बाईचं काय आलं का. शेवटी त्यांनी मला गटाला लिहायला सांगितलं: कविता पोचली का? वाचली का? कळली न्हाई तर तसं लिवा, पण गप बसू नका. आमच्याकडं कुणी हात केला तर गाडी थांबवायची रीत हाय. गाडीत जागा न्हाई म्हणून सांगावं, पण थांबून सांगावं.

दोन दिवसांत मतं येऊ लागली. सिंगापूरच्या एका बाईंनी कानडी शब्दांचे अर्थ विचारले. न्यूजर्सीवाल्याने विचारलं की घागर पळवून कुणी पुढे ठेवली तर काय करतात. पुण्याच्या एकाने शेवटची ओळ जास्तीची आहे म्हटलं, त्यावर दुसरा त्याच्याशी भांडला. सगळं छापून जतच्या गाडीने गेलं. त्याच गाडीने उलट एक बंद पाकीट आलं. महादेवीने लिहिलं होतं: मी लिहिते हे इथे कोणाला माहीत नाही. सासूबाईंना वाटतं मी अंगणवाडीचा अहवाल लिहिते. मला आयुष्यात इतक्या लोकांनी इतकं विचारलं नव्हतं. आता दर आठवड्याला एक पाठवीन. मधेच बंद करू नका.

हिंदुरावांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, हिचं काम यादीत सगळ्यात वर ठेवा, वीज जायच्या आधी. मी ठेवलं.

आणि मग गट चालवणाऱ्या अभ्यंकरांचं पत्र आलं. अभ्यंकर अमेरिकेत कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला होते आणि नोकरी सांभाळून हा सगळा पसारा एकटे ओढत. माणूस सभ्य होता. पण पूर्वी गटात एका गृहस्थाने चार खोटी नावं घेऊन स्वतःच्याच कवितांची स्तुती केली होती, त्यावरून गट फुटायच्या बेताला आला होता. त्यांनी लिहिलं होतं ते थोडक्यात असं: सांगलीच्या या पत्त्यावरून सात कवी लिहितात आणि एकमेकांना दाद देतात. सातही जणांचं लेखन एकाच पद्धतीने टाईप केलेलं असतं, सातही जण ‘भोकं’ मोजतात. आमची खात्री होत चालली आहे की हे सातही जण एकच गृहस्थ आहेत. कल्पनाशक्तीला दाद द्यायला हवी, विशेषतः जतच्या बाईचं पात्र विलक्षण उतरलं आहे. पण ही गटाची फसवणूक आहे. आठवड्याभरात सातही जणांची ओळख पटवावी, फोन नंबर किंवा छायाचित्रं द्यावीत, अन्यथा हा पत्ता नाइलाजाने बंद करावा लागेल.

भोकांची भाषा सगळ्यांच्या तोंडी बसली ती अशी अंगाशी येईल हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी यादी करायला घेतली. सुभेदारांच्या शेजारी फोन आहे, पाटण्यांच्या दुकानात आहे. मास्तरांचं शाळेचं पत्र मिळेल. महादेवीचा फोटो मागवता येईल, नाहीतर सरपंचाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत. हिंदुराव कपाट धरून ऐकत होते. “कविता लिवायला रेशनकार्ड लागतंय व्हय?” ते म्हणाले. मग शांतपणे समजावल्यासारखं बोलले. दाखला मागायला गेलं की गावभर होणार, की ही बाई कविता लिहिते. तिने सासूपासून राखून ठेवलेली जागा आपण सरपंचाच्या कचेरीत नेऊन उघडी करायची, आणि ती कुणासाठी? तिला न बघता खोटी म्हणणाऱ्यासाठी?

तेव्हा मी त्यांना विचारलं, तुम्ही तरी तिला पाहिलंय का?

“न्हाई.”

“मग तुम्हाला कसं ठाऊक, ती आहे म्हणून?”

“मॅडम,” ते म्हणाले, “रांगंत घागर उभी करून घरी गेल्याली बाई मला माझ्या मनानं सुचंल का? तेवढं सुचत असतं तर मी मोठा कवी नसतो का झालो? मला न्हाई सुचत. म्हंजे ती हाय.”

त्यांनी माझी यादी उलटी करून ठेवली आणि गटावर त्या आठवड्यात काय आलंय ते विचारलं. योगायोगाने अभ्यंकरांचीच एक कविता आली होती, गावाकडच्या विहिरीवर. गट चालवणाऱ्याची कविता म्हटल्यावर सगळे ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ लिहून मोकळे झाले होते. हिंदुरावांनी तिच्या सात प्रती काढायला लावल्या. संध्याकाळच्या गाडीने त्या थांब्याथांब्यावर उतरल्या, एक जतला गेली. निरोप एकच: मनात येईल ते लिहा, दुसऱ्याला दाखवू नका, आणि भोक हा शब्द कुठेही नको.

चार दिवसांत उत्तरं जमली. ती टाईप करताना मला, कवितेतलं काही न कळणारीलाही, मजा आली. सुभेदारांना कविता बेहद्द आवडली होती, फक्त दुसऱ्या कडव्यात पाय घसरलाय, सावरा, असं त्यांनी पलटणीला हुकूम द्यावा तसं लिहिलं होतं. पाटण्यांनी वृत्ताची मोजणी करून ती निर्दोष ठरवली आणि कविता फारच आखूड झाली अशी तक्रार केली. मास्तरांनी लिहिलं की त्यांना पेपर तपासायचे आहेत आणि कवितेतल्या विहिरींवर सरकारने पाच वर्षं बंदी घालावी. हिंदुरावांना स्वतःला कविता आवडली होती. विहीर एकटी आहे, तिला एकटीच राहू दिली, कुणी डोकावत नाही हे चांगलं, असं त्यांचं मत. महादेवीचं उत्तर शेवटी आलं. त्यात एवढंच होतं: तुमची विहीर भरलेली आहे असं तुम्ही लिहिता. पण दोर नाही, रहाट नाही, पाणी काढणारं कोणी नाही. मग ती भरलेली आहे हे तुम्हाला कसं कळलं?

हिंदुराव ते वाचून चिडले. “न्हाई पटत,” म्हणाले. “विहीर बघायला दोर कशाला लागतोय?” तरीही ते जसंच्या तसं पाठवायला सांगितलं, स्वतःच्या मताच्या वर. सगळ्यांच्या खाली त्यांनी आपल्या नावाने एक मजकूर घातला: ह्यातला एकबी दुसऱ्याचं ऐकत न्हाई. हे सातीजण मी एकटाच असतो तर कवाच येडा झालो असतो. वळख पटवणार न्हाई, फोटू देणार न्हाई. पत्ता बंद करायचा तर करा. पर हे वाचून करा.

मी म्हटलं, जरा मऊ लिहू या. ते म्हणाले, मऊ लिहिलं तर त्यांना वाटेल आपण विनवतोय.

आठवडा संपला. पत्ता बंद झाला नाही, उत्तरही नाही. फोन लागला की हिंदुराव स्क्रीनकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत. मग एका दुपारी दोन पत्रं एकदम आली. पहिलं महादेवीच्या नावाने होतं. अभ्यंकरांनी लिहिलं होतं की ते तिच्या प्रश्नाने दोन रात्री अस्वस्थ आहेत. त्या विहिरीतून त्यांनी स्वतः कधी पाणी काढलं नव्हतं. त्यांच्याकडे रोज एक बाई पाणी भरायला यायची. तिचं नाव त्यांना आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला, आठवत नाही. म्हणून दोर नाही. कविता मी मागे घेतो आहे, नाव आठवलं तर परत लिहीन.

दुसरं पत्र पत्त्याला होतं. माझी आता शंका नाही, मी माफी मागतो, त्यांनी लिहिलं होतं. पण गटाच्या बाकीच्या चालकांचा आग्रह आहे की एका पत्त्यावरून एकच सभासद, हा नियम मोडला तर उद्या कुणालाही अडवता येणार नाही. सातांपैकी एक नाव कळवावं.

मी तोडगा काढला. दर महिन्याला एक नाव, आळीपाळीने. तक्ता करून भिंतीवर लावते. हिंदुराव म्हणाले, सात महिन्यांनी येणाऱ्या गाडीची फाट्यावर कुणी वाट बघत नाही. मग म्हणाले, “म्हादेवीचं नाव घाला.”

“आणि तुमचं?”

“मला रोज गाडीभर माणसं ऐकायला हायत. सुभेदाराला बायको हाय, ती ऐकत न्हाई ती गोष्ट निराळी. पाटण्याच्या दुकानात औषधाला आल्याला माणूस जातोय कुठं? तिला कोण हाय?”

सभासदाच्या जागी मी त्यांचं नाव पुसलं आणि तिचं लिहिलं. गटाला त्यांनी शेवटचा मजकूर सांगितला, तो आजही माझ्या फाईलमध्ये आहे: आमी सहाजण उतरतोय. उतरल्याला माणूस गाडीत न्हवताच, असं कुणी म्हणू नये. जय महाराष्ट्र. ‘जय महाराष्ट्र’ कशाला, मी विचारलं. म्हणाले, शेवटी काहीतरी जोरात पाहिजे.

सहाजण उतरले ते गप्प मात्र बसले नाहीत. सातारा–सांगली रस्त्यावरच्या कविता गाडीनेच फिरत राहिल्या, इंटरनेटवाचून त्यांचं काही अडलं नाही. गंमत पुढे झाली. क्लासच्या पत्त्यावर परदेशी तिकिटं लावलेले लिफाफे येऊ लागले. पहिला न्यूजर्सीहून. आत छापलेल्या चार कविता, परतीचं पाकीट आणि एक चिठ्ठी: ईमेलवर भोकं पाडता येत नाहीत, तेव्हा हिंदुरावांनी प्रत्यक्ष पाडून पाठवावीत, एकही पडलं नाही तरी चालेल. मग सिंगापूरहून आला. एक पाकीट तर अभ्यंकरांचंही होतं. मी त्यांची यादी ठेवली, आले कधी, गेले कधी. त्यातले बरेच कोरे समास घेऊन, खाली कारण लिहून परत गेले, आणि पाठवणारे पुन्हा पाठवत राहिले.

तोवर हिंदुरावांची ड्यूटी बदलून महाबळेश्वरच्या घाटात लागली होती. पाकिटं मी साताऱ्याला पाठवू लागले, ते तिथून परस्पर धाडत. महादेवीच्या कविता पुढेही माझ्याकडे येत राहिल्या आणि तिच्याच नावाने जात राहिल्या. हिंदुराव सांगलीला पुन्हा आले नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ड्यूटी बदलायच्या आधी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. मी एक पार्सल द्यायला स्टँडवर गेले होते. जतच्या फलाटावर गर्दीत पांढरा शर्ट घातलेला एक माणूस ओळखीचा वाटला. खाकीशिवाय मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. ते प्रवाशासारखे रांगेत उभे होते आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं अभ्यंकरांचं पत्र होतं, महादेवीच्या नावाचं. टपालाने गेलं असतं की, मी म्हटलं. ते म्हणाले, टपाल सासूच्या हातात पडंल, मी अंगणवाडीत देतो; आन टपाल वाद घालत न्हाई.

मला राहवलं नाही. गमतीने विचारलं, “की ती खरंच आहे का, याची खात्री करायला चाललाय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे बघावं तसं.

“खात्री व्हती म्हणून तर भांडलो,” ते म्हणाले. “आता तिच्याशी भांडायला चाललोय. विहिरीला दोर लागतोय हे मला अजून पटल्यालं न्हाई.”

गाडी लागली. लोक दारावर तुटून पडले आणि हिंदुराव सगळे उतरेपर्यंत बाजूला थांबून मग चढले. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मुद्दे पाठ करत असावेत.